करडईच्या तेलातली दोरी

आमच्या मुखेडकडं 'पाझर' हा शब्द तोंड भरून उच्चारतात. विहीर खणताना खडकातून ओल दिसली की वर उभी असलेली माणसं एकमेकांना ओरडून सांगतात, पाझर लागला! मग कुणीतरी गूळ आणायला पळतं. आई तर माणसांनाही हाच शब्द लावायची. एखादा कठोर माणूस शेवटी वळला की म्हणायची, फुटला बाबा एकदाचा पाझर त्याला. इतका गोड शब्द कुणाच्या मुळावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मग मी लातूरच्या एका सॉल्व्हंट प्लँटमध्ये मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून लागले.

प्लँटचं काम सांगायला सोपं आहे. सोयाबीनचे दाणे चेपून पातळ करायचे आणि त्यांच्यावर हेक्झेन नावाचा द्रव सोडायचा. हा द्रव पाण्यासारखा दिसतो आणि त्याला पेट्रोलसारखा पुसट वास असतो. तो दाण्यातलं तेल ओढून घेतो. नंतर तापवून त्याची वाफ करायची, तेल वेगळं काढायचं, वाफ गार करून पुन्हा द्रव करायचा आणि पुन्हा दाण्यांवर सोडायचा. गावात मात्र याला कुणी सॉल्व्हंट प्लँट म्हणत नाही. रिक्षावाल्यापासून बँकेतल्या बाईपर्यंत सगळे म्हणतात, तेलमिल. आत काम करणारेही तेच म्हणतात.

पहिल्याच आठवड्यात मी गॅस तपासायचा मीटर घेऊन राउंडला निघाले. एकेका व्हॉल्व्हजवळ मीटर नेला की तो केकाटायचा. घरातल्या जुन्या नळाची तोटी फिरवताना दांडीच्या बाजूनं पाणी झिरपतं, तसाच हा प्रकार. व्हॉल्व्हच्या दांडीभोवती दोरीसारखं पॅकिंग गुंडाळून, वरून ग्लँड नावाची कडी आवळून ती फट बंद केलेली असते. ते पॅकिंग बाद झालं की आतला माल बाहेर येतो. मी बरोबरच्या फिटरला म्हटलं, "अहो, ही तर गळती आहे."

तो माझ्याकडं कीव केल्यासारखा बघत म्हणाला, "गळती न्हाई मॅडम. नुसता पाझर हाय. गळती असती तर थेंब पडला असता की खाली."

हळूहळू मला कळलं की इथं हा कायदाच आहे. थेंब पडला तर गळती. ती वर कळवायची, त्यासाठी धावपळ करायची. नुसती ओल चमकली किंवा वास आला तर पाझर. त्याला कुणी भीक घालायचं नाही. मोठे साहेबसुद्धा मीटिंगमध्ये म्हणायचे, "थोडाफार पाझर चालायचाच, मॅडम." आणि गंमत अशी की हेक्झेन इतकं लवकर उडतं की त्याचा थेंब खाली पडायला वेळच मिळत नाही. दांडीवर आलं की उडालं, हवेत गेलं, नाकात गेलं. म्हणजे आमच्या कायद्याप्रमाणं आमच्या प्लँटमध्ये गळती कधी व्हायचीच नाही. मला हे ऐकून हसू यायचं आणि संतापही यायचा.

लातूरला यायच्या आधी मी अर्धापूरजवळ केळीच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये होते. तिथं पाइपांतून अमोनिया खेळायचा. अमोनिया मला पटायचा. नखभर सुटला तरी डोळे झोंबतात, माणसं लुंगी सावरत बाहेर पळतात आणि कुणाला शब्दांचा खेळ करायला सवड मिळत नाही. हेक्झेन तसं नाही. ते मऊ वागतं. पहिले दोन दिवस वास येतो, मग नाक सरावतं आणि माणूस म्हणतो, आज वास कमी आहे.

लातूरमध्ये मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. खाली घरमालक, म्हणजे चाचा आणि चाची. पोरी लग्न होऊन उदगीर आणि बिदरकडं गेलेल्या, त्यामुळं घरात दोघंच. चाचा आमच्याच प्लँटमध्ये एक्स्ट्रॅक्टर सेक्शनला ऑपरेटर होते. जिथं दाण्यांवर हेक्झेन सोडतात, तीच जागा. मला ही खोलीसुद्धा त्यांनीच दिली होती. एकटी पोरगी कुठं भटकत बसणार, म्हणाले, आणि संध्याकाळी माझी ट्रंक स्वतः वर चढवली. आईला फोनवर सांगितलं तर ती विहारातून नुकतीच आली होती. म्हणाली, "बरं झालं. कुणीतरी हाय म्हन की तिथं." 

चाचांना प्लँटमध्ये मान होता. मालकांच्या घराण्याची आधी खरीच तेलमिल होती आणि चाचा तिथं उमेदवार म्हणून लागलेले. तिथल्या पंपांना सुती दोरीचं पॅकिंग घालायचे. ती दोरी बसवण्याआधी करडईच्या तेलात भिजवून ठेवायची ही तिथली रीत. तेल प्यायलेली दोरी मऊ राहते, दांडी गुळगुळीत फिरते, आणि तेलाच्या पंपात तेलाची दोरी वर्षानुवर्षं टिकते. पुढं मालकांनी तेलमिल मोडून सॉल्व्हंट प्लँट टाकला, तेव्हा चाचा इकडं आले आणि दोरीही त्यांच्याबरोबर आली. स्टोअरनं तीच सुती दोरी मागवणं चालू ठेवलं. आपल्या सेक्शनच्या व्हॉल्व्हना चाचा फिटरला हात लावू द्यायचे नाहीत. "त्यांचं काम म्हणजे कसाबाचं," म्हणायचे, "ग्लँड आवळतात की मान आवळतात, कळत न्हाई."

तेल मात्र प्लँटमधलं नसायचं. समोर टाक्याच्या टाक्या भरलेल्या असताना हा माणूस घरून तेल आणायचा. सोयाबीनचं तेल पातळ, त्याच्यात दम नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आठवड्याच्या सुरुवातीला चाची स्वयंपाकघरातल्या डब्यातून करडईचं तेल एका छोट्या बाटलीत भरून द्यायची. मी जिना उतरताना रोज बघायचे. चाची दारात उभी राहून बाटलीचं बूच आवळायची, पदरानं पुसायची आणि त्यांच्या पिशवीत डब्याशेजारी उभी करून ठेवायची. "मशीन को खिलाते, मेरे को भाजीत घालायला पुरत न्हाई," असं बडबडायची. पण बाटली कधी विसरायची नाही.

एका रविवारी सकाळी चाचा माझ्यासाठी खिचडी आणि चिंचेचा खट्टा घेऊन वर आले. ताट माझ्या हातात दिलं आणि माझं लक्ष त्यांच्या पायांकडं गेलं. एका पायात चप्पल होती. दुसरी तीन-चार पायऱ्या खाली उपडी पडली होती.

"चाचा, एकच चप्पल?"

त्यांनी खाली बघितलं. मग पायऱ्यांकडं बघितलं. मग पुन्हा पायाकडं. "अरे," म्हणाले, "ही कधी सुटली?"

चाची खालून हसायला लागली. म्हातारपणात चपला पळून चालल्या, म्हणाली. मीही हसले. पण खिचडी खाताना त्यांचा तो चेहरा डोळ्यांपुढून हलेना. चप्पल निसटली म्हणून ते ओशाळले नव्हते. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. पाय उघडा पडला हे पायाला कळलंच नव्हतं.

मग एकेक गोष्ट बाहेर येत गेली. पायाला मुंग्या येत होत्या, पण त्या तर सगळ्यांनाच येतात. शर्टाची गुंडी लावायला वेळ लागत होता, तर चाचीनं लावून द्यायला सुरुवात केली होती. लातूरात दोन डॉक्टर झाले होते. दोघांनी साखर तपासली, साखर चांगली निघाली, शक्तीची इंजेक्शनं दिली. मी चाचीला म्हटलं, नांदेडला मेंदू आणि नसांचे एक डॉक्टर आहेत, माझ्या आईला त्यांच्याचकडं गुण आला, आपण तिकडं जाऊ. चाचा नको नको म्हणत होते. शेवटी मी दम भरला.

एसटीत अहमदपूरपर्यंत ते खिडकीतून पिकांवर बोलत होते. लोहा आलं तसं गप्प झाले. नांदेडला उतरताना त्यांचा पाय एसटीच्या पायरीवर नीट पडला नाही आणि त्यांनी माझा खांदा धरला. इतका घट्ट की दुसऱ्या दिवशी तिथं दुखत होतं.

डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्यापाशी टोचून बघितलं. चाचा छताकडं बघत म्हणाले, हां, टोचा की. डॉक्टर तोवर टोचून झाले होते.

"काम काय करता?"

"तेलमिलमध्ये हाय."

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला लागले. तेल म्हणजे तेल, त्यात विचारण्यासारखं काय? तेव्हा माझ्या लक्षात आलं की लातूरच्या दोघांनीही हेच ऐकलं असणार. मी मध्येच बोलले, "डॉक्टर, तेलमिल नाही. सॉल्व्हंट प्लँट. हेक्झेनजवळ काम करतात."

त्यांचं पेन थांबलं. "हे आधी कुणी सांगितलं का नाही?" त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं. चाचा माझ्याकडं बघायला लागले. त्यांनी खरंच सांगितलं होतं की, तेलमिल म्हणून.

नसांची तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, हेक्झेन वर्षानुवर्षं नाकातून जात राहिलं की हातापायांच्या नसा अशाच मरगळतात. औषध म्हणजे एकच, त्या जागेवरून हलवा. आणि मनाची तयारी ठेवा. हलवल्यावरही काही महिने त्रास वाढेल. मग कमी होईल, सावकाश. पूर्ण बरं होईल का, हे मी आज सांगणार नाही. चाचांनी एवढंच विचारलं, "नमाजला बसता-उठता येईल ना?" डॉक्टर हो म्हणाले, पण लगेच म्हणाले नाहीत.

आई हल्ली नांदेडलाच राहते; चाचांना तिच्याकडं चहाला बसवलं आणि मी पॅकिंगच्या दुकानात गेले. डोकं नुसतं भणाणत होतं. दुकानदारानं टेबलावर नमुन्यांचा ढीग टाकला. हे काम मला लग्न जुळवण्यासारखं वाटतं. आई माझ्यासाठी स्थळं बघून दमली आणि मी जन्मभर व्हॉल्व्हची स्थळं बघत बसले. वाफेच्या पाइपात जन्म काढेल अशी काळी रबरी रिंग हेक्झेनमध्ये टाकली की फुगून बसते. हेक्झेनला दाद न देणारी दुसरी रिंग अमोनियात गेली की महिन्याभरात तिचा चुरा होतो. दिसायला दोघी सारख्या काळ्या. दोरीचंही तसंच. कोण कुणाबरोबर नांदेल ते नांदवल्याशिवाय कळत नाही. मी टेफ्लॉनची पांढरी दोरी, ग्रॅफाइटची करडी दोरी आणि दोन-तीन प्रकारच्या रिंगा घेतल्या.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये झाकणाच्या काचेच्या बरण्या मांडल्या, त्यांत हेक्झेन ओतलं आणि एकेकीत एकेक तुकडा सोडला. शेवटच्या बरणीत चाचांच्या सेक्शनमधल्या कपाटातला, करडईचं तेल प्यायलेला दोरीचा तुकडा टाकला. आमच्याकडं हल्ली काय वापरतात तेही दिसू दे, एवढंच मनात होतं. जेवून आले तर ती बरणी पिवळी झाली होती. सुरेख पिवळी, तेलाच्या नव्या डब्यासारखी. तुकडा चिमट्यानं काढून वाळवला तर हातात आली ती कोरडी, खरखरीत, सुतळीसारखी दोरी. फुंकर मारली तर तिच्यातून हवा आरपार जाईल अशी.

मी स्टुलावर बसले. हेक्झेनचं कामच मुळी तेल ओढणं. त्यासाठीच तर एवढा कारखाना उभा केलाय. ते दाण्यातलं तेल शेवटच्या थेंबापर्यंत ओढतं, मग दोरीतलं काय ठेवणार? ज्याचा धंदाच हा, त्या साऱ्या प्लँटमध्ये हा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता. चाचा दोरी बसवायचे, चार दिवसांत हेक्झेन तिच्यातलं तेल पिऊन टाकायचं, पाझर सुरू व्हायचा. मग चाचा व्हॉल्व्हवर वाकायचे, तोंड जवळ नेऊन पितळी पान्यानं ग्लँड हळूहळू आवळायचे, दुसऱ्याला करू द्यायचे नाहीत. पाझर थांबला नाही तर त्यांना वाटायचं, तेल कमी पडलं. मग पुढची दोरी जास्त भिजवायचे. मला तिथंच रडू आलं. लॅबमधला केमिस्ट पाणी ठेवून गेला.

मोठे साहेब बरण्या बघून म्हणाले, "हे काय, लोणचं घातलंय का?"

मी सगळं सांगितलं. गार लाइनच्या व्हॉल्व्हना टेफ्लॉन, वाफेनं तापणाऱ्या भागाला ग्रॅफाइट, कारण टेफ्लॉन फार तापलं की ढिलं पडतं. सुती दोरी एकदम बंद. आणि पाझर हा शब्द प्लँटमधून बंद. मीटर वाजला की ती गळती.

"मॅडम, एवढी वर्षं चाललंच ना?"

माझा तोल गेला. "चाललं नाही सर. चाचांना चालता येत नाही."

साहेबांनी पंखा वाढवला, आणि म्हणाले, पुढच्या शटडाउनला, प्लँट बंद असेल तेव्हा, घ्या करून. चाचांना त्यांनी त्याच दिवशी गेटजवळच्या वजनकाट्यावर पाठवलं. ट्रक येतात, वजन घ्यायचं, मोकळी हवा. मला वाटलं, चला, अर्धं तरी काम झालं. उरलेलं अर्धं काय आहे ते मी मनात मागं ढकलत होते. नसांना काय झालं ते चाचांना कळलं होतं. हेक्झेन एवढं सुटत का होतं ते त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले तसंच झालं. काट्यावर गेल्यावरही त्रास वाढला. चाचीनं त्यांच्या चपलांना मागून पट्टे शिवून आणले. जिना चढणं बंद झालं, खिचडी आता चाची आणायची.

शटडाउनच्या दिवशी सगळ्या लाइन रिकाम्या करून, धुऊन, हवा खेळवून मी आणि फिटर एक्स्ट्रॅक्टर सेक्शनला जुनं पॅकिंग काढत होतो. आकड्यानं ओढलं की दोरी भुशासारखी बाहेर यायची. तेवढ्यात कठड्याला धरत धरत चाचा आले. येऊ नका म्हणून मी दोनदा निरोप पाठवला होता. त्यांच्या हातात ती बाटली होती, काठोकाठ भरलेली.

"बेटा, तेलात भिजवल्याशिवाय बसवू नको," म्हणाले. "नवी दोरी हाय, कोरडी बसवली तर चार दिवसांत पाझरंल. मी करतो, बसून करतो."

ते पायरीवर बसलेसुद्धा. बूच काढायला लागले, पण बोटं धरेनात. फिटर माझ्याकडं बघत राहिला. मी त्याला चहा प्यायला पाठवलं आणि चाचांशेजारी बसले. मला आजवर इतकं अवघड काहीच वाटलं नव्हतं. मी बाहेर काढलेली दोरी त्यांच्या हातावर ठेवली.

"हिच्यात तेल आहे का बघा."

त्यांनी चुरगाळलं. वास घेतला. अंगठा-तर्जनीनं चोळून बघितलं आणि बोटांवर विश्वास नव्हता म्हणून मग ओठाला लावून बघितलं. "कोरडी ठणठणीत," म्हणाले. "मी तर लई भिजवली होती."

"हेक्झेन तेल खातं, चाचा. दाण्यातलं खातं तसं दोरीतलंही. दोरी पोकळ होते आणि मग तिच्यातूनच सुटतं."

माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला समजायला जेवढा वेळ लागला त्यापेक्षा त्यांना कमीच लागला असेल. मग त्यांनी आपल्या पायांकडं बघितलं. पट्टे शिवलेल्या चपलांकडं.

"म्हंजे मीच," म्हणाले.

"नाही," मी जवळजवळ ओरडले. "दोरी तुम्ही मागवली नव्हती. मागवणाऱ्यांना माहीत असायला पाहिजे होतं. पाझराला गळती म्हणू नका असं तुम्ही सांगितलं नव्हतं. हे त्यांचं आहे, चाचा, तुमचं नाही." हे मी मनापासून बोलत होते, आजही मला तसंच वाटतं. पण माझा एकेक शब्द त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच उडून जात होता.

त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. "चाचीला हे सांगू नको," म्हणाले. "तेल ती भरून देत होती."

नव्या दोऱ्या बसल्या. मीटर आता त्या भागात गप्प असतो. कुणी चुकून पाझर म्हटलं तर फिटरच त्याला दटावतो. चाचा काट्यावर असतात. हाताला जरा बरं वाटतंय म्हणतात, पायाचं काही बोलत नाहीत.

परवा सकाळी मी जिना उतरत होते. चाची दारात उभी होती. हातात तीच छोटी बाटली, मी रिकामी करून चाचांच्या पिशवीत परत ठेवलेली, आता धुऊन पुसलेली.

"बेटा, हे आता तेल मागतच न्हाईत," ती म्हणाली. "मिलमधी लागत न्हाई का?"

"नाही चाची. आता नवीन दोरी आलीय, तिला तेल लागत नाही."

ती बाटलीकडं बघत राहिली. "नवीनचं काय खरं," म्हणाली. "आमच्या तेलावर एवढी वर्षं निघाली. आता बघ, तेल बंद झालं आन् यांचे पाय जास्तच बिघडले."